मासे पाळायचेत? मग टाकी सगळ्यात शेवटी घ्या

"टाकी घेतलीये, आता कोणते मासे टाकू?" मला येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी याच वळणाचे असतात. सोबत फोटो असतो, त्यात चकचकीत टाकी, निळे खडे, एक प्लॅस्टिकचा किल्ला आणि बहुतेक वेळा चार गोल्डफिश ऑलरेडी फिरत असतात, म्हणजे प्रश्नाला तसा अर्थच उरलेला नसतो. मग मी काय सांगणार, की ते चारही मासे या टाकीत बसणारे नाहीत? सांगते, पण समोरचा नाराज होतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही कारण दुकानात सगळं याच क्रमाने विकलं जातं. आधी टाकी, मग मासे, आणि मासे मरायला लागले की मग औषधं आणि बाकीचं सामान.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी आपल्या नळाला कसलं पाणी येतं ते बघा, मग त्या पाण्यात सुखाने राहील असा मासा शोधा, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि एकटा राहतो की घोळक्याने ते बघा, आणि मग त्याच्या मापाची टाकी घ्या. फिल्टर, हीटर, लाईट हे त्याच्यानंतर जवळपास आपोआप ठरत जातं.

पाण्यापासून सुरू करू. पाणी जड आहे का मऊ हे ढोबळमानाने घरातच कळतं, नळाच्या तोटीवर, गीझरमध्ये, बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड, क्षार जास्त. नीट बघायचं असेल तर जीएच आणि केएच मोजायचे थेंबवाले किट मिळतात. जीएच म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियम किती आहे ते, आणि केएच म्हणजे पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) किती पक्का आहे, पटकन खाली घसरणार का नाही, ते. टीडीएस मीटर पण लोक घेतात पण तो फक्त एकूण विरघळलेलं किती आहे एवढंच सांगतो, काय विरघळलंय ते नाही, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या आकड्यावर फार उड्या मारू नका.

आता हे कशाला? तर गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं देणारी सगळी मंडळी जड पाण्यात खूश असतात, आणि तीच मॉली मऊ पाण्यात टाकली की काही दिवसात जागच्या जागी हलत राहते, पंख मिटून घेते. उलट निऑन टेट्रा, डिस्कस, रॅमसारखे मासे मुळात मऊ आणि थोड्या आम्लधर्मी पाण्यातले. दुकानात मिळणारे बरेचसे मासे फार्मवर वाढवलेले असतात म्हणून मधल्या पाण्यात चालून जातात हे खरंय, पण दोन्ही टोकांना नाही. आणि प्लीज, पाण्याचा स्वभाव बदलायचा म्हणून पीएच वर करायचं औषध, खाली करायचं औषध असल्या बाटल्यांच्या नादी लागू नका. केएच जास्त असलेल्या पाण्यात पीएच खाली आणला तर तो परत वर येतो, परत औषध, परत वर, आणि या झोक्यात मासा जातो. थोडा "चुकीचा" पण स्थिर पीएच केव्हाही बरा. नुसतं आरओचं पाणीही भरू नका, त्यात क्षार जवळपास नसतातच, ते वापरायचं तर नळाच्या पाण्यात मिसळून किंवा वरून क्षार घालून.

आता मासा. दुकानात दिसतो तो मासा म्हणजे पिल्लू असतं, ही गोष्ट कुणी सांगतच नाही. ऑस्कर दोन इंचाचा असतो तेव्हा इतका गोड दिसतो, तो फूटभर होतो. काच साफ करतो म्हणून जो सकर गळ्यात मारतात तो साधा सकर पण फूट, दीड फूट होऊ शकतो, आणि मोठा झाला की शेवाळ खाण्यापेक्षा घाणच जास्त करतो. "शार्क" म्हणून विकतात तो चंदेरी मासा तर खरा शार्क नाहीच, तो नदीतला पंगास, एक मीटरच्या वर जातो, तो घरातल्या टाकीचा मासाच नाही. ज्यांना सकर हवाच आहे त्यांनी ब्रिसलनोज बघावा, तो साधारण चार-पाच इंचावर थांबतो. आणि "मासा टाकीच्या मापानेच वाढतो" हे जे वाक्य आहे ना ते डोक्यातून काढून टाका. वाढ खुंटते ती खराब पाण्याने आणि त्रासाने, आणि असा मासा आयुष्य अर्धंही काढत नाही.

गोल्डफिशबद्दल दोन शब्द जास्त, कारण सगळ्यात जास्त हाल त्याचेच. हा थंड पाण्यातला मासा, १८ ते २२ डिग्रीला खूश. साधा लांबट गोल्डफिश फूटभर होतो, गुबगुबीत शेपटीवाले जातीचे ६ ते ८ इंच, आणि नीट ठेवला तर १० वर्ष सहज जगतो, त्याच्याही पुढे जातो. खातो भरपूर, घाण भरपूर. त्याला काचेच्या भांड्यात ठेवणं म्हणजे त्याला हळूहळू त्याच्याच घाणीत मारणं, याहून सौम्य शब्द माझ्याकडे नाही. शिवाय गोल भांड्यात पाण्याचा वरचा पृष्ठभाग लहान, फिल्टर बसत नाही, हीटर बसत नाही. गोल्डफिश पाळायचाच असेल तर तीन-चार फुटी टाकी आणि दणकट फिल्टर, आणि फक्त गोल्डफिशच, सोबत टेट्रा वगैरे नको कारण तापमान जुळत नाही आणि छोटा मासा तोंडात मावला तर गेलाच.

फायटर माशाचं (बेट्टा) वेगळं. त्याला हवेतून श्वास घेता येतो, डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो, म्हणून तो कपात, बरणीत सुद्धा तगून राहतो आणि लोकांना वाटतं त्याला जागाच लागत नाही. तगणं आणि राहणं यात फरक आहे. त्याला २५-२७ डिग्री पाणी, निदान १५-२० लिटर, हळू चालणारा स्पंज फिल्टर आणि वर झाकण द्या, मग बघा त्याचा रंग. दोन नर एकत्र नाही, आणि लांब शेपटीचे गप्पी पण सोबत नकोत, तो त्यांनाही दुसरा फायटर समजून धरतो.

घोळक्यातले मासे घोळक्यातच घ्यायचे. निऑन, झेब्रा डॅनिओ, चेरी बार्ब, कोरी कॅटफिश हे प्रत्येकी कमीत कमी सहा, जमलं तर आठ-दहा. "सगळ्याचे दोन-दोन द्या" असं म्हणून सात प्रकारचे चौदा मासे आणणारी माणसं असतात, त्या टाकीत प्रत्येक मासा कोपऱ्यात घाबरून बसलेला दिसतो. टायगर बार्ब तर कमी संख्येत असला की दुसऱ्यांचे पंख कुरतडतो, दहाच्या घोळक्यात त्याची भांडणं आपसातच मिटतात, तरी एंजलसारख्या लांब पंखवाल्यांबरोबर त्याला ठेवू नकाच. एंजल स्वतः तरी कुठे साधा असतो, लहान असताना निऑनबरोबर शांत फिरतो आणि मोठा झाला की एकेक निऑन कमी व्हायला लागतो आणि मालक फिल्टरमध्ये शोधत बसतो.

गप्पी घेणाऱ्यांना एकच सूचना, पिल्लांचं काय करणार ते आधी ठरवा. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि नराचं बीज ती काही महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे "मी फक्त माद्याच घेतल्या" याने काही होत नाही, ती दुकानातूनच पोटुशी येते. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्या, रंग पण त्यांनाच जास्त असतात.

म्हणजे ठरलं कसं बघा. जड पाणी असेल आणि दोन फुटी टाकीच परवडत असेल, तर पाच-सहा नर गप्पी, किंवा तेवढ्याच प्लॅटी, संपला विषय. मऊ किंवा मध्यम पाणी असेल तर त्याच टाकीत आठ एम्बर टेट्रा आणि एक हनी गुरामी. फार कमी वाटतंय ना? वाटू द्या. महिन्याभराने ते मोकळे होऊन पोहायला लागले की कमी वाटत नाही.

आता टाकी, एकदाची. दोन फूट बाय एक बाय एक ची टाकी म्हणजे ५४ लिटर, खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी ४५ च्या आसपास. हे मी नवख्यांसाठी कमीत कमी धरते. नवीन माणसाने छोटी टाकी घेऊन शिकावं असं सगळे म्हणतात पण होतं उलटं, पाणी जितकं कमी तितकं ते पटकन बिघडतं, पटकन गरम होतं पटकन गार होतं, एक मासा कुठेतरी मागे मरून पडला तरी सगळं पाणी नासतं. मोठ्या टाकीत चूक सुधारायला वेळ मिळतो. आणि उंच टाकीपेक्षा लांब टाकी घ्या, तीच ५४ लिटरची टाकी उभी केली, म्हणजे तळ एक फूट बाय एक फूट आणि उंची दोन फूट, तर पाणी तेवढंच पण पृष्ठभाग निम्मा, आणि ऑक्सिजन पाण्यात जातो तो पृष्ठभागातूनच. पोहायला जागाही कमी, आणि तळाला हात पोचत नाही ते वेगळंच.

वजनाचा विचार बरेच जण करत नाहीत. एक लिटर म्हणजे एक किलो, वर काच, खडे, दगड, तर दोन फुटी टाकी ७० किलोच्या घरात आणि तीन फूट बाय दीड बाय दीड ची २०० च्या वर. साध्या टीपॉयवर ती ठेवायची नाही. स्टँड लेव्हलमध्ये आहे का ते बघून, बिनफ्रेमच्या टाकीखाली फोम किंवा थर्माकोलची शीट घालून, आणि खिडकीच्या थेट उन्हापासून लांब. एकदा भरली की ती टाकी हलवायची नाही, अर्धी रिकामी करून सुद्धा नाही, जोड सुटतात.

फिल्टरवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळं आहे. लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे कचरा गाळायचं यंत्र. कचरा गाळतो तो, पण खरं काम वेगळंच आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो, आणि अमोनिया माशाला विष आहे. एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकद ते घालवतं, म्हणून असे मासे पाण्यात भरपूर हवा सोडलेली असतानाही वर येऊन तोंड उघडतात. दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि दर आठवड्याला पाणी बदलून आपण ते काढून टाकतो. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या बॅक्टेरियाचं नाव नायट्रोबॅक्टर असं असायचं, १९९८ साली टिमोथी होवानेक आणि सोबतच्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पिरासारखे बॅक्टेरिया करतात. आपल्याला नावाशी काय करायचंय म्हणा, मुद्दा हा की हे बॅक्टेरिया पाण्यात नाही तर स्पंजवर, सिरॅमिक रिंगवर, खड्यांवर चिकटून राहतात, म्हणजे फिल्टर हे त्यांचं घर आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. फिल्टर रात्री आवाज करतो म्हणून बंद करायचा नाही, कारण त्या बॅक्टेरियांना पण ऑक्सिजन लागतो. स्पंज नळाखाली चोळून धुवायचा नाही, क्लोरीनने ते मरतात, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून परत लावायचा. कार्ट्रिज दर महिन्याला बदला असं डब्यावर लिहिलेलं असतं, ते कंपनीच्या फायद्याचं आहे, कार्ट्रिज फेकलं म्हणजे बॅक्टेरिया पण फेकले. त्यातला कार्बन रोजच्या वापरात लागतही नाही, औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला कामाला येतो, आणि औषध चालू असताना तर तो बाहेरच काढून ठेवायचा.

कोणता घ्यायचा? दोन फुटीपर्यंत एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर, मला आजही तोच सगळ्यात आवडतो, दिसायला काही खास नाही पण बिघडायला त्यात काही नाहीच, पिल्लं ओढली जात नाहीत, आणि लाईट गेली तर बॅटरीवरच्या पंपाला नळी जोडून चालवता येतो. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावाच, एवढीशी वस्तू आहे पण ती नसेल तर लाईट गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येतं आणि तिथून जमिनीवर. तीन फुटीच्या पुढे मागे लटकवायचा हँगऑन किंवा टाकीबाहेर ठेवायचा, बंद डब्यासारखा कॅनिस्टर. तासाला टाकीच्या साधारण चार-पाच पट पाणी फिरवेल असा बघा, आणि डब्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज रिंग भरल्या आणि थोडा मळ बसला की तो बराच खाली येतो, म्हणून थोडा मोठाच घ्या. यूव्ही दिवा पाणी सारखं हिरवं होत असेल तरच, सुरुवातीला नाही.

हीटर सगळ्यांना लागत नाही. खोली वर्षभर २४-२५ च्या खाली जात नसेल आणि मासे त्याच तापमानाचे असतील तर सोडून द्या. लागत असेल तर लिटरला एक वॉट हा हिशोब बरा चालतो, ५४ लिटरला ५० वॉट. सोबत वेगळा थर्मामीटर घ्याच, हीटरवरच्या आकड्यावर विश्वास नको कारण हीटर बिघडतो तेव्हा कधीकधी चालूच राहतो. पाणी बदलताना तो आधी बंद करायचा, कोरडा तापला की काच तडकते. आणि सगळ्या वायरी बोर्डाकडे जाताना थोड्या खाली लोंबू द्यायच्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं.

लाईट दिवसाला ६ ते ८ तास, टायमर लावून. माशांना लाईटची गरज जवळजवळ नसते, ती झाडांना आणि आपल्याला असते, आणि जास्त झाली की शेवाळाला. झाडं लावायची तर जावा फर्न आणि अनुबियास, कमी उजेडात निभावतात, फक्त त्यांचा जाड खोडासारखा भाग खड्यात पुरू नका, कुजतो, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. झाडांवर अजून लिहायचं तर हे पोस्ट संपणारच नाही.

खडे साधे, गुळगुळीत. कोरी मासे ठेवणार असाल तर वाळूच, त्यांच्या मिशा टोकदार खड्यांनी झिजतात. बाहेरून दगड उचलून आणला तर त्यावर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला की तो पाणी जड करत राहणार. शिंपल्यांचंही तेच. झाकण मात्र विसरू नका, उडी न मारणारा मासा फक्त दुकानदाराच्या बोलण्यात असतो.

सामानात अजून दोनच गोष्टी ज्या लोक टाळतात. एक, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायचं थेंबवालं किट, कागदी पट्ट्यांपेक्षा हे बरं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही अमोनिया चढलेला असू शकतो, डोळ्यांनी तो कळत नाही. दोन, अँटीक्लोरीन. पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरंय, पण पाणी पुरवणारे त्यात क्लोरामाइन घालत असतील तर ते असं उडत नाही, अँटीक्लोरीनच लागतं.

आणि आता सगळ्यात कंटाळवाणा भाग, टाकी लावली, भरली, फिल्टर चालू, मासे नाहीत. चार ते सहा आठवडे. ते बॅक्टेरिया कुठून तरी येऊन वाढायला एवढा वेळ लागतोच. यासाठी अमोनियम क्लोराइडचे थेंब मिळतात, पाण्यात २ पीपीएमपर्यंत (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया जाईल एवढे टाकायचे, मोजत राहायचं, आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. टाकलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासात शून्य आणि नायट्राइट पण शून्य असं झालं की टाकी तयार, बरंचसं पाणी बदलायचं आणि मासे आणायचे. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला ठेवून लगेच लावा, आठवडे वाचतात. बाटलीतले बॅक्टेरिया कधी काम करतात कधी नाही, साठवणूक कशी झाली त्यावर आहे, म्हणून बाटली ओतली तरी किटने मोजल्याशिवाय मासे नकोत. आणि जड पाणीवाल्यांनो, तुम्ही जास्त सांभाळा, पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहा पट होतो.

दुकानात गेलात की मासा बघायच्या आधी टाकी बघा. एक जरी मेलेला दिसला तर त्या टाकीतलं काही घ्यायचं नाही, कितीही आवडलं तरी. पंख मिटलेले, पोट खपाटीला गेलेलं, अंगावर मिठाचे दाणे असल्यासारखे पांढरे ठिपके, हे सगळं नाही. थोडं खाणं टाकून दाखवा म्हणा, जो झडप घालतो तो घ्या. रंग टोचलेले, अंगावर नक्षी काढलेले मासे असतात ते तर अजिबात नको, विकत घेणारे असतात म्हणून ते बनवले जातात.

घरी आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं टाकीचं पाणी त्यात घालायचं आणि मासा जाळीने टाकीत सोडायचा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिलीच टाकी असेल तर तीच त्यांची वेगळी ठेवायची जागा, पण पुढचे मासे आणाल तेव्हा दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टबात ठेवून मग सोडा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असाच येतो आणि औषध त्याच्या फक्त पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या अवस्थेवर चालतं, अंगावर चिकटलेल्यावर नाही, त्यामुळे ठिपके गेले तरी औषधाचा कोर्स पूर्ण करावा लागतो. एकदम सगळे मासे आणू नका, अर्धे आता, बाकीचे दोन-तीन आठवड्यांनी, मधे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. पहिल्या दिवशी लाईट बंद ठेवा, खायला देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटात संपेल एवढंच, आणि काचेपाशी येऊन तोंड हलवतात म्हणून परत देऊ नका, पोट भरलेलं असलं तरी ते तसंच करतात.